अव्वाचा पोलादी खुबा

(पोस्टकार्ड)

पुणे, ३ मार्च १९६२

ती. अक्कास व्यंकटचा शिरसाष्टांग नमस्कार.

अव्वाचं ऑपरेशन काल झालं आणि फत्ते झालं. मेंढवाड्याच्या दगडावर पडून तिच्या मांडीच्या हाडाचं जे वरचं डोकं मोडलं होतं, ते डॉक्टरांनी काढून टाकलं आणि त्या जागी विलायती पोलादाचा गोळा बसवला. गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो आणि त्याची दांडी खाली हाडात ठोकून बसवतात. तसलाच एक गोळा डॉक्टरांनी माझ्या हातात देऊन दाखवला. त्यात तोंड दिसतं! अव्वा काठी घेऊन चालू लागेल. आपल्या भागात असा खुबा दुसऱ्या कुणाला बसलेला मला तरी माहीत नाही. तुझी भावजय अयोध्या रोज डबा नेते. पाकीट न टाकता मुद्दाम कार्ड टाकतो आहे. शरणप्पा पोस्टमास्तरांच्या कृपेनं गावालाही कळेल.

तुझा,
व्यंकट

&nbsp;

लोहारा, २९ एप्रिल १९६२

चि. व्यंकटास तारामतीचे अनेक आशीर्वाद.

अव्वा सुखरूप पोचली. तुझं ते कार्ड मला मिळायच्या आधी गावाला मिळालं होतं. शरणप्पा कार्ड वाचल्याशिवाय शिक्का मारत नाही आणि मारल्यावर चारचौघांना सांगितल्याशिवाय जेवत नाही. मी शाळेतून घरी येईपर्यंत वाटेत तिघींनी मला आपल्याच आईची तब्येत सांगितली.

आता रोज माणसं येतात. अव्वा ओट्यावर बसते, लुगड्यावरून मांडीवर थाप मारते आणि म्हणते, "हितं लोखंड हाय. माझ्या व्यंकूनं बसवलं." लोहार येऊन विचारून गेला, गंजत नाही ना म्हणून. चुलत्याचा बिराप्पा तर म्हणाला, काकूला आता चुंबक चिकटतो का बघू. अव्वा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली रे. काठी टेकत मेंढवाड्यापर्यंत जाते, मेंढरं मोजते आणि परत येते. मला आयुष्यभर तुझा राग येण्याची सवय आहे, पण हे काम तू चांगलं केलंस. आई उभी राहिली.

टाक्यांवर पट्टी बदलायला बाजारातला मुनवर येतो. खैरुनबीचा मुलगा, आधी कंपाउंडर होता, आता स्वतःचं दुकान मांडलंय. अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शननंतर मुसलमानांची घरं लुटत होते तेव्हा अव्वानं खैरुनबीला आणि त्याला आपल्या मेंढवाड्यात लपवलं होतं, ते तो विसरलेला नाही. काही घेत नाही. चहा घेतो, तोही आग्रह केला तर.

अयोध्येस आशीर्वाद.

तुझी अक्का

&nbsp;

लोहारा, ११ नोव्हेंबर १९६२

चि. व्यंकटास आशीर्वाद.

मुलीचं लग्न ठरल्याचं तुझं कार्ड पोचलं. गोड बातमी. मला मात्र कडू लिहावं लागतंय, म्हणून पाकीट.

अव्वाचा खुबा बिघडलाय. दसऱ्यापासून ती ओट्यावर यायची थांबली. विचारलं की "थंडी लागली" म्हणायची. चालताना दुखलं असतं तर मी समजले असते, पण ही बसली तरी ठणकतं, निजली तरी ठणकतं. संध्याकाळी अंग कोमट असतं. परवा मी जबरदस्तीनं लुगडं वर करून पाहिलं. टाक्यांच्या वरच्या टोकाला फोड आलाय आणि तो फुटून वाहतोय. चिंध्या लपवून धूत होती, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरात. रागावले तर म्हणते, "व्यंकूला कळवू नगं. त्याचं लोखंड वाया गेलं म्हनल तो."

तिला पुण्याला कधी आणू ते लगेच लिही. मी रजा काढते.

तुझी अक्का

&nbsp;

पुणे, १९ नोव्हेंबर १९६२

ती. अक्कास सा. नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण घाबरू नकोस. वरवरची जखम आहे, टाक्याचा दोरा राहिला असेल, असं मला वाटतं.

तिला आत्ताच आणू नकोस. लग्न चोवीस जानेवारीला आहे. आमच्या दोन खोल्या, त्यात अयोध्येच्या माहेरची माणसं पंधरा दिवस आधी येणार. मागच्या खेपेला नुसत्या पट्ट्यांच्या वासानं शेजारी कुरकुरले होते. शिवाय मुलीच्या सासूबाई सोलापूरच्या, फार सोवळ्या. हळदीच्या घरात वाहती जखम नको, असं त्या अयोध्येला बोलता बोलता म्हणाल्या. आपण मुलीकडची माणसं, अक्का. ऐकून घ्यावं लागतं.

पण अव्वानं लग्नाला यायलाच हवं. नातीच्या डोक्यावर तिच्या अक्षता पडल्याच पाहिजेत. म्हणून तू असं कर, मुनवरकडून चांगली इंजेक्शनं देऊन तिला कोरडी कर आणि मग आण. लग्न झालं की मी स्वतः तिला डॉक्टरांकडे नेतो. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

तुझा,
व्यंकट

&nbsp;

लोहारा, ६ जानेवारी १९६३

चि. व्यंकटास आशीर्वाद.

तुझ्या मनासारखं झालं. अव्वा कोरडी झाली.

मुनवर आधी तयार नव्हता. तो ओट्यावरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, म्या वरचं तोंड बंद करीन, पन आत काय हाय ते मला दिसत न्हाय. आधी पुन्याच्या डाक्टरला वाहता पू दाखवा. कोरडं करून दाखवलं तर त्याला काय दिसंल?" मी त्याला तुझं पत्र दाखवलं. लग्न आहे म्हटलं, मुलीकडची बाजू आहे म्हटलं. तो म्हणाला, "तुमी म्हनता तर देतो." मग पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू झाली, ती परवापर्यंत चालू होती. जखमेचं तोंड मिटलं, ताप गेला. ठणका मात्र आहे तसाच आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझ्या मनात येतंय. पण मी मास्तरीण, डॉक्टरीण नव्हे.

आम्ही पंधरा तारखेला निघतो. माझी शाळा आहे, लग्न लागलं की मला परत यावं लागेल. डॉक्टरांना भेटशील तेव्हा सगळं नीट सांग.

तुझी अक्का

&nbsp;

पुणे, १४ फेब्रुवारी १९६३

ती. अक्कास सा. नमस्कार.

तू गेल्यावर लग्नाची आवराआवर झाली आणि शब्द दिल्याप्रमाणे मी अव्वाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला. गोळ्याची दांडी हाडात ढिली झाल्यासारखी दिसते. मग सांध्यात लांब सुई घालून आतलं पाणी काढलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. तिथं ते उबेत ठेवतात. जंतू असले तर काही दिवसांत उगवून दिसतात. काहीही उगवलं नाही! म्हणजे आत घाण नाही, नुसता गोळा ढिला आहे. आता जुना काढून लांब दांडीचा दुसरा बसवणार. पुढच्या गुरुवारी, एकवीस तारखेला ऑपरेशन.

डॉक्टर मोठे चिकित्सक आहेत. जखम कधी वाहिली होती का, गावाकडे काही इंजेक्शनं वगैरे दिली का, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, छे, आमच्या घरात गावठी इलाज चालत नाहीत. उगाच अडाण्यांत जमा करतात आपल्याला. अव्वा तेव्हा बाहेर बाकावर होती.

तुझा,
व्यंकट

&nbsp;

लोहारा, १७ फेब्रुवारी १९६३

व्यंकट,

हे पत्र मिळाल्याबरोबर, चप्पल घालायला थांबू नकोस, डॉक्टरांकडे जा आणि सांग की जखम वाहिली होती आणि मुनवरनं इंजेक्शनं दिली होती. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं कपाळावर हात मारला. "औषधानं जंतू दबले असतील बाई, म्हनून उगवलं न्हाय. मेलेत असं न्हाय. लोखंडाच्या आडोशाला बसले असतील. तिथंच दुसरं लोखंड बसवलं तर हाड खातील." त्याचं खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण डॉक्टरांनी उगाच दोनदा विचारलं नसेल.

लाज वाटत असेल तर माझं नाव सांग. म्हण, बहीण अडाणी आहे, तिनं मला न सांगता दिली. माझी हरकत नाही.

आपल्या शेजारचा मल्लिनाथ आज सोलापूरला चाललाय, हे तिथून टाकेल म्हणजे मंगळवारी तुझ्या हातात पडेल.

अक्का

&nbsp;

(पोस्टकार्ड)

पुणे, २२ फेब्रुवारी १९६३

ती. अक्कास सा. नमस्कार.

काल अव्वाचं दुसरं ऑपरेशन यशस्वी झालं. नवा गोळा पहिल्यापेक्षाही भारी आहे. गावात सर्वांना सांगावे.

तुझा,
व्यंकट

&nbsp;

लोहारा, २७ फेब्रुवारी १९६३

माझं पत्र पोचलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

अक्का

&nbsp;

पुणे, २० मे १९६३

ती. अक्कास सा. नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. टाके काढायच्या आतच अव्वाला थंडी वाजून ताप भरला. जखम उकलली आणि आधी एका जागी वाहत होती ती तीन जागी वाहू लागली. डॉक्टर बुचकळ्यात पडले. सुईतून काही उगवलं नाही आणि आता एवढा पू कुठून आला, म्हणून सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी एकदा राउंडला येऊन ते अव्वाच्या खाटेपाशी बसले आणि त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "अवो, ह्ये तर आधीबी वाहत व्हतं की. मुनवरनं सुया टोचून बंद केलं. लगीन व्हतं न्हवं."

डॉक्टर माझ्यावर वॉर्डात, नर्सांदेखत ओरडले. जन्मात कुणी असं बोललं नव्हतं. म्हणाले, हे आधी सांगितलं असतं तर मी औषधाचा अंमल पुरता उतरेपर्यंत थांबलो असतो, पुन्हा सुई घातली असती, जंतू कोणता ते पाहून आधी आतलं धुतलं असतं. आजारी हाडात नवं लोखंड कधीच ठोकलं नसतं. त्यांनी औषधं थांबवून पुन्हा तपासणी केली. या वेळी उगवलं. पेनिसिलीनला ते जंतू आता दादही देत नाहीत म्हणे.

गोळा काढून टाकला. हाडाचा सडका भागही काढला. आता खुब्याच्या जागी काही नाही. पायाला वजन बांधून तिला निजवून ठेवलं आहे, दुसरी महागडी औषधं चालू आहेत. जीव वाचेल म्हणतात. पाय आखूड होईल आणि त्याच्यावर भार देता येणार नाही.

तुझं पत्र मला ऑपरेशननंतर मिळालं. टपालाचा घोळ. शेवटी त्या मुनवरच्या सुयांनी घात केला. डिग्री नसलेल्या माणसाच्या हाती आपण आई द्यायला नको होती.

व्यंकट

&nbsp;

लोहारा, १८ ऑगस्ट १९६३

चि. व्यंकटास आशीर्वाद.

बिराप्पानं अव्वाला आणून पोचवली. स्टँडपासून घरापर्यंत बाजेवर घालून आणावी लागली. डावा पाय चार बोटं आखूड झालाय आणि धरला की हातात नुसता लोंबतो. मेंढवाड्यापर्यंत आता ती कधीच जाणार नाही. मेंढरं संध्याकाळी तिच्या दारावरून नेतात, ती बाजेवरून मोजते. कालच्याला एक चुकली आणि ती रडायला लागली. मेंढी कळपातच होती, मोजण्यात चुकली होती. मी तिला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मीही रडले.

तरी माणसं आली की ती काय म्हणते, ऐक. "माझ्या लेकानं दोनदा लोखंड बसवलं. माझ्याच नशिबात न्हवतं." तुझ्यावर एक शब्द येऊ देत नाही. आईला मी काही बोलणार नाही. तुला बोलणार आहे.

बिराप्पानं येताना पायाबरोबर तुझं तोंडही आणलं. तू त्याला सांगितलंस की मुनवरनं चोरून सुया दिल्या आणि काकूचा पाय घालवला. त्यानं ते बाजारात सांगितलं. आता मुनवरच्या दुकानात कुणी जात नाही. आधी आपली माणसं जायची बंद झाली, मग त्याची. पोरं दारावरून जाताना ओरडतात, "सुया नगं, सुया नगं." पंधरा वर्षांपूर्वी या गावात माणसं एकमेकांच्या दारावरून कशी जात होती ते आठव, आणि मग सांग, अशा गोष्टी कुठल्या माणसाच्या नावावर पटकन चिकटतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! तो तोंड उघडत नाही. बाईंनी आग्रह केला, भावाचं पत्र दाखवलं, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. मी विचारलं, का नाही सांगत? म्हणाला, "अव्वानं माज्या मायला लपवलं व्हतं. म्या अव्वाच्या घरचं उघडं करू?" खैरुनबी आता अव्वाला भेटायला येत नाही. अव्वा विचारते, का येत नाही. मी काय सांगू?

आणि माझं पत्र. ते तुला ऑपरेशननंतर मिळालं नव्हतं, व्यंकट. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू अव्वाच्या खाटेवर बसून ते वाचलंस. तिनं अक्षर ओळखलं, तिला वाचता येत नाही पण माझं अक्षर ओळखते. "तारीनं काय लिवलंय?" असं तिनं विचारलं. तू म्हणालास, "मेंढरं बरी आहेत." ही गोष्ट अव्वानं मला कौतुकानं सांगितली, की माझ्या मेंढरांची खबर व्यंकू दवाखान्यात आणून देत होता.

एक रात्र होती तुझ्या हातात. जाऊन म्हणायचं होतं, साहेब, मी चुकीचं सांगितलं. डॉक्टर ओरडले असते. ते पुढेही ओरडलेच. पण तेव्हा ओरडले असते तर आईचा पाय वाचण्याची आशा तरी होती.

मला तुझी माफी नको. मला एक कार्ड हवंय. पाकीट नव्हे, कार्ड. चांगली बातमी तू नेहमी कार्डावर पाठवलीस आणि वाईट पाकिटात. झाकली मूठ सव्वा लाखाची. या वेळी उलटं कर. मुनवरनं नको म्हटलं होतं, आपण इंजेक्शनं द्यायला लावली आणि डॉक्टरांपासून तू लपवलंस, एवढ्या तीन ओळी उघड्या कार्डावर लिही. पुढचं शरणप्पा करेल.

तुझी अक्का

&nbsp;

पुणे, ३० ऑगस्ट १९६३

सौजन्यमूर्ती तारामतीबाईंस नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. आपण मास्तरीण असल्यामुळे सगळ्यांना विद्यार्थी समजता. आईसाठी मी जे केलं ते जिल्ह्यात कुणी केलं नाही, याचा आपल्याला विसर पडला आहे.

आदल्या दिवशी पत्र मिळालं असेलही. दवाखान्याच्या दगदगीत तारखा लक्षात नाहीत. डॉक्टरांची तयारी झाली होती, रक्ताची सोय झाली होती, मोठ्या मिनतवारीनं तारीख मिळाली होती. ऐन वेळी जाऊन मी काय सांगणार होतो? की मागच्या खेपेला मी खोटं बोललो? माझ्या साहेबांच्या ओळखीनं तो डॉक्टर मिळाला होता. उद्या ऑफिसात मी कोणत्या तोंडानं बसलो असतो, याचा विचार आपण करणार नाही.

कार्ड लिहिणं मला शक्य नाही. मुलीच्या दिराचं सासर तुमच्या बाजूचंच आहे, गोष्टी पसरतात. मुनवरचं वाईट वाटतं. पण तो बाजारातला माणूस आहे, दोन महिन्यांनी लोक विसरतील. त्याच्यासाठी घरची अब्रू वेशीवर टांगणं मला पटत नाही. हे पत्र वाचून फाडून टाकावे.

अव्वाला माझा नमस्कार सांगावा.

आपला,
व्यंकट

&nbsp;

(पोस्टकार्ड)

लोहारा, ५ सप्टेंबर १९६३

चि. व्यंकटास,

तुझं पाकीट पोचलं. तू लिहीत नाहीस म्हणून मी लिहिते.

अव्वाची जखम वाहत होती तेव्हा तिला लग्नासाठी कोरडी करून आण, असं तू लिहिलंस. मुनवर म्हणाला, आधी पू पुण्याच्या डॉक्टरला दाखवा. मी ऐकलं नाही, मी त्याला इंजेक्शनं द्यायला लावली. डॉक्टरांनी तुला दोनदा विचारलं, इंजेक्शनं दिली का. तू नाही म्हणालास. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझं पत्र तुझ्या हातात होतं. तू गप्प बसलास. अव्वाचा पाय त्यात गेला. मुनवरचा यात काडीचाही दोष नाही.

आज हे कार्ड मी अव्वाला वाचून दाखवलं. तिनं ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "खैरुनला बोलीव." तुझं नाव तिनं काढलं नाही.

हे कार्ड तुला पोचायला चार दिवस लागतील. गावाला ते शिक्का बसायच्या आत पोचेल.

तारामती

ता. क. शरणप्पा, अक्षर लागलं नाही तर शाळेत या. मी वाचून दाखवीन.